निर्विकार बोरसे यांचा बायोडाटा

१ मार्च, रविवार
दीपनगरच्या वीज केंद्रात, नियंत्रण कक्षात आयुष्यभर लॉगबुक भरले. निवृत्तीनंतर ती शिस्त का सोडावी, या विचाराने आजपासून रोजनिशी. भावना, आठवणी इत्यादी मजकूर यात येणार नाही. केवळ घटना.

घटना अशी की योगेंद्र आणि सूनबाई पुनम यांच्या फ्लॅटवर दर रविवारी संध्याकाळी एक खेळ चालतो. आज मला बोलावले. (पत्नी कोकिळा गेल्यापासून ही दोघे मला कशासाठी ना कशासाठी बोलावत असतात. मी व्यस्त असतो हे त्यांना पटत नाही. आज योगायोगाने व्यस्त नव्हतो.) खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. पुनम गोष्ट सांगते. सन २३००, 'तापी' नावाचे अवकाशयान. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे, आपले पात्र आता काय करील ते तोंडाने सांगायचे, आणि ते साधले की फसले हे फाशावर ठरते. योगेंद्र यानाचा वैमानिक. त्याचा मित्र प्रेमराज, जो एरवी केळीच्या वेफर्सचा कारखाना चालवतो, तो तस्कर. पुनमची बँकेतली मैत्रीण दिपमाला डॉक्टर. सर्व सुशिक्षित, सर्वांना नोकरी-धंदा. तरीही.

निरीक्षण: यानावरचा एक दिवस सरला की प्रत्येकाने आपले पात्र जेवले असे जाहीर करावे लागते. सलग चार दिवस जाहीर केले नाही तर पात्र मृत. प्रेमराज तोंडात शेव-मुरमुरे असतानाच 'जेवलो' म्हणतो. माणूस हे यंत्र म्हणून किती अकार्यक्षम आहे, हे या एका नियमावरून ध्यानात यावे.

पुनमने विचारले की नाना, तुम्ही कोण होणार. मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, अँड्रॉइड. यंत्रमानव. भूक नाही, झोप नाही, भावना नाही. यानावर प्रथमच एक जबाबदार व्यक्ती येणार.

४ मार्च, बुधवार
पात्ररचना. एकूण वीस गुण मिळतात, ते चार रकान्यांत वाटायचे. माझी वाटणी: बुद्धी बारा, बळ पाच, चपळाई तीन, भावना शून्य. पुनमचा फोन आला. भावना शून्य ठेवता येते, पण मग एक अट लागू होते. अशा अँड्रॉइडने तीन वेळा भावनेचे प्रदर्शन केले तर सुरक्षा यंत्रणा त्याला कुलूपबंद करते आणि तो यानाच्या स्टोअररूममध्ये जातो. तिने दोनदा विचारले की एक तरी गुण भावनेला देता का. मी हसून अट मान्य केली. अट मला लागू होण्याचा संभव नाही.

नाव: निर्विकार. पूर्ण नाव निर्विकार अभिमन बोरसे. निर्मात्याचे नाव मध्ये येणे रीतीला धरून आहे.

रात्रीचे जेवण ठीक आठला, असा नियम केला आहे. आठला टेबलाशी बसलो. साडेआठपर्यंत बसलो. तेव्हा लक्षात आले की कुकर लावलेलाच नाही. विसरणे नव्हे, कामाची विभागणी बदलल्यावर सुरुवातीला असे होते. कोकिळा स्वयंपाकघरातून हाक मारायची, तीही तिच्या धुळ्याकडच्या बोलीत, 'चला, ताट वाढेल शे', म्हणजे ताट वाढलेले आहे. घरात प्रमाण भाषेचा माझा आग्रह होता. तिचा नव्हता.

(वरील दोन-तीन वाक्ये आठवणीत मोडतात. पुढे टाळणे.)

बिस्किटे खाल्ली. सर्व सामान्य.

८ मार्च, रविवार
पुनमला गुणांची वाटणी दाखवली. ती म्हणाली, आकडे ठीक आहेत, पण हा आहे कोण? कुठला, स्वभाव कसा, अपेक्षा काय, असे एक पान टाइप करून आणा. ते मिळेपर्यंत प्रवेश नाही. मी तिच्या काटेकोरपणाचे कौतुक केले. आमच्या काळी असे ज्युनिअर मिळाले असते तर.

निघताना योगेंद्र जिन्यापर्यंत आला. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, विषय काढला. आईची पहिली आखाजी आहे, घागर तुमच्या घरी, तुमच्या हातून भरू या, असे त्याचे म्हणणे. गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी ठेवायची, आणि त्या माणसाच्या जागी कोणाला तरी पाटावर बसवून जेवू घालायचे. मी त्याला शांतपणे समजावले की मडक्यात पाणी भरले तर ते पाणी भरलेले मडके होते, त्याहून अधिक काही होत नाही. मला त्या दिवशी वेळही नसेल. निर्विकारची कामे आहेत.

योगेंद्र जिन्यावरूनच परत फिरला. पटले असावे.

११ मार्च, बुधवार
समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये लोटनचे डीटीपी-झेरॉक्सचे दुकान आहे. त्याच्याकडे एका पानात माणूस बसवण्याचा एकच साचा. वर गणपती, कडेला वेलबुट्टी, खाली रकाने. साचा लग्नाच्या बायोडाटाचा आहे, हे मला कळले. परंतु ज्याने कोणी तो केला त्याला पात्ररचनेची उत्तम जाण होती. नाव, जन्म, उंची, वजन, शिक्षण, स्वभाव, व्यसन, मामाकुळ, अपेक्षा. पुनमच्या नियमपुस्तकात मामाकुळ नाही. ही उणीव तिच्या नजरेस आणून देणार.

मी सांगत गेलो, लोटन टाइप करत गेला. वय तीन वर्षे. वजन एकशे चाळीस किलो. शिक्षण सर्व. स्वभाव: राग येत नाही, रुसत नाही, उलट उत्तर देत नाही. व्यसन नाही. जेवणाची आवश्यकता नाही. चोवीस तास काम करतो. दीडशे किलो ओझे विनातक्रार उचलतो. मामाकुळ लागू नाही. अपेक्षा काही नाही. देखभाल: कोणाचीही गरज नाही.

लोटनने एकदाच मान वर केली आणि विचारले, ग्रुपवरही टाकू का नाना? प्रेमराजच्या वेफर्सची लेबले तोच छापतो, तेव्हा खेळाचा ग्रुप त्याच्याकडे असणार. मी अनुमती दिली. फोटो त्याच्याकडे आहे म्हणाला. यंत्रमानवाचे चित्र इंटरनेटवर मिळत असेल.

घाई होती, प्रिंट नंतर नेतो म्हणालो. काम पूर्ण झाल्याचे समाधान. रविवारी यानावर.

१५ मार्च, रविवार
खेळ रद्द. योगेंद्रचा मेसेज, 'आज नाही.' कारण दिलेले नाही, पण तर्काने काढता येते. बायोडाटा ग्रुपवर सर्वांनी पाहिला असणार. बुद्धी बारा असलेले पात्र यानावर आले की बाकीच्यांना काय काम उरते? चर्चा चालू असेल. स्वाभाविक आहे.

वेळ मिळाल्याने कपाट आवरायला घेतले. अर्धे आवरले. उरलेला अर्धा भाग कोकिळाचा आहे, त्याला घाई नाही.

१६ मार्च, सोमवार
चाळीसगावहून एका अपरिचित गृहस्थांचा फोन. बायोडाटा पाहिला, फार आवडला, म्हणाले. खेळाचा ग्रुप एवढा मोठा आहे याची कल्पना नव्हती. त्यांनी विचारले, राग खरोखर येत नाही का? मी सांगितले की रचनाच तशी आहे. त्यांनी माझे उत्तर पुन्हा एकदा म्हणून पाहिले. मग म्हणाले, असे आता मिळत नाही हो.

१८ मार्च, बुधवार
आज अमळनेर, पारोळा, पुन्हा अमळनेर. अमळनेरच्या एका बाईंनी विचारले, जेवणाचे काही नखरे? मी म्हणालो, लागतच नाही. त्यांनी फोनवर हात न ठेवता घरात कोणाला तरी हे मोठ्याने सांगितले, आणि तिकडून हसण्याचा आवाज आला. पारोळ्याच्या गृहस्थांना प्रत्यक्ष बघायचे होते. मी सांगितले की त्यासाठी रविवारी खेळाच्या वेळी यावे लागेल. ते म्हणाले, कुठला खेळ? मी म्हणालो, सर्व तिथेच ठरते. त्यांनी फोन ठेवला.

खानदेशात विज्ञानविषयक जागृती झाली आहे. उशिरा का होईना.

२२ मार्च, रविवार
पुन्हा रद्द. पुनमने फोनवर सांगितले की यांना बरे नाही. पाच वाजता मी दूध आणायला गेलो असता योगेंद्र बाइकवरून येताना दिसला. प्रकृती उत्तम. मला पाहिल्यावर त्याने गाडी गल्लीत वळवली. डावपेच उघड होऊ नयेत यासाठी इतकी गुप्तता. त्याच्यात माझे गुण आहेत.

संध्याकाळी काही काम नव्हते. रविवारची संध्याकाळ इतर दिवसांपेक्षा लांब असते का, याची नोंद घेण्याचे ठरवले. घेतली नाही.

२५ मार्च, बुधवार
सकाळच्या गाडीने पाचोऱ्याहून सुनंदाअक्का आली. न कळवता. माझी थोरली बहीण. पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत बसली.

लोटनचे काम. वर गणपती. त्याखाली माझा फोटो. हयातीच्या दाखल्यासाठी त्यानेच काढलेला, डोळे अर्धवट मिटलेले. नाव: अभिमन बोरसे. वय त्रेसष्ट. वजन चौऱ्याहत्तर. स्वभाव: निर्विकार, राग येत नाही, रुसत नाही. बाकी सर्व जसेच्या तसे. खाली माझा मोबाइल नंबर. आणि हे खेळाच्या ग्रुपवर नव्हे, समाजाच्या वधू-वर ग्रुपवर.

मी अक्काला सांगितले की हा गैरसमज आहे, मला लग्न करायचे नाही, हा कागद अवकाशयानावरील यंत्रमानवाचा आहे. तिने मला बसायला सांगितले, पाणी दिले, कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "अभिमन, बठ्ठा गावले माहीत शे, तुलेच नही?"

ती रागावलेली नाही. उलट स्थळ घेऊन आली आहे. धुळ्याच्या निवृत्त शिक्षिका, ज्योत्स्नाबाई. रविवारी येणार. मी ठाम नकार दिला. अक्काने ऐकले आणि येणाऱ्यांसाठी चिवडा आणायला गेली.

लोटनला जाब विचारला. त्याचे म्हणणे, टायपिंगच्या चुका त्याने पदरचा वेळ घालून दुरुस्त केल्या. वय तीन लिहिल्यावर मुलगी कोण देईल, नाना?

योगेंद्रच्या मेसेजचा, गल्लीत वळलेल्या बाइकचा आता वेगळा अर्थ लागतो. मात्र माझा मूळ तर्क पद्धत म्हणून बरोबर होता. माहिती अपुरी होती.

२९ मार्च, रविवार
ज्योत्स्नाबाई आल्या. सोबत त्यांचे भाऊ. शांत, नीटनेटक्या, गणिताच्या शिक्षिका. इतर परिस्थितीत अशा व्यक्तीशी बोलायला आवडले असते. मी संधी मिळताच सर्व खुलासा करणार होतो. अक्काने आधी चहाचे सांगितले, आणि नेमके तेव्हा तिला पाचोऱ्याचा फोन आला, ती गॅलरीत गेली.

चहा मी करणार, असे जाहीर केले. चहापूड सापडली. साखर सापडली नाही. पहिल्या डब्यात उडीद डाळ, दुसऱ्यात रवा, तिसऱ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मागच्या उन्हाळ्यात कोकिळाने केलेले, मोडू नयेत म्हणून फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेले. तो डबा बंद करायला थोडा वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा ज्योत्स्नाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ओट्याखालचा ड्रॉवर उघडला. साखर तिथे होती. चहा त्यांनीच केला. माझा कप मला दिला आणि बायोडाटाची घडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "या कागदातल्या माणसाला काही लागत नाही, अभिमनराव. तुम्हाला तर सगळंच लागतं."

नकार त्यांनी दिला. मी द्यायचा होता, पण त्यांनी आधी दिला. अक्काने मला दोष दिला. भाऊ मात्र चिवडा संपवून गेले.

३० मार्च, सोमवार
वधू-वर ग्रुपवर अधिकृत खुलासा टाकला. मजकूर तीनदा तपासला. 'सोबतच्या पत्रकातील व्यक्ती अस्तित्वात नाही. कृपया संपर्क साधू नये.' संदर्भासाठी पत्रकही जोडले, फोटोसह.

दुपारपर्यंत हात जोडलेली चित्रे. मग 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग फुले. चाळीसगावच्या गृहस्थांनी लिहिले, असा शांत माणूस पुन्हा होणे नाही. चार वाजता एरंडोलचा एक चुलतभाऊ पांढऱ्या कपड्यांत दारात हजर. मी दार उघडल्यावर तो प्रथम पायरीवर बसला. पाणी दिले. चहाही दिला, साखर आता कुठे असते ते माहीत आहे. जाताना तो म्हणाला की आलोच आहे तर वहिनींच्या आखाजीलाही येईन, कधी करताय? मी विषय बदलला.

१ एप्रिल, बुधवार
योगेंद्रच्या घरी गेलो. सर्व प्रकार क्रमाने, मुद्देसूद सांगितला. वय तीन, वजन एकशे चाळीस इथपर्यंत आलो तेव्हा पुनम ओढणी तोंडावर धरून आत पळाली. एरंडोलच्या भावाचे सांगितले तेव्हा आतून आवाज आला. एकूण कथन प्रभावी झाले.

योगेंद्र हसला नाही. खिडकीबाहेर बघत होता. मी विचारले, अजून काही शंका? तो म्हणाला, "आईच्या घागरीला तुम्हाला वेळ नाही, नाना. बायोडाटाला होता."

मी त्याला समजावू लागलो की या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. वाक्य पूर्ण झाले नाही. कारण आठवत नाही. पुनम चहा घेऊन आली. मी न घेता निघालो, घरी काम होते.

घरी काम नव्हते.

घागरीविषयीचा निर्णय बदललेला नाही.

५ एप्रिल, रविवार
कुंभारवाड्याकडून सहज जाणे झाले. सहजच चौकशी केली. घागरी आणल्या, दोन. तुलनात्मक चाचणीसाठी. भरून ठेवल्या आहेत. एकीला पाझर जास्त. मातीच्या भांड्यांचे पाझराचे प्रमाण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, त्याचा आखाजीशी संबंध जोडण्याचे कारण नाही.

पुनमचा फोन. पुढच्या रविवारी खेळ आहे, या. यानाला माझी गरज भासली, हे उघड आहे. योगेंद्र काय म्हणाला, असे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

१२ एप्रिल, रविवार
निर्विकारचा यानावर प्रवेश. खालील वृत्तांत शक्य तितका तटस्थपणे देत आहे.

पहिल्या दिवशी, म्हणजे यानावरच्या पहिल्या दिवशी, प्रेमराजच्या तस्कराने निर्विकारला मिक्सर म्हटले. मी फक्त खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो आणि माझ्यासारख्या अतिरिक्त कार्यकारी अभियंत्याच्या हाताखालच्या यंत्रणेविषयी चार शब्द सांगितले. पुनमने लिहून घेतले: राग, एक.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दिपमालाने निर्विकारला सर्वांसाठी चहा करायला सांगितला. मी म्हणालो, माझ्या हयातीत मी असली कामे केलेली नाहीत. पुनमने लिहिले: अभिमान, दोन. प्रेमराज म्हणाला, यंत्राची हयात कोणती? त्याच्याकडे दुर्लक्ष केले. यंत्राला शोभेल असे.

तिसरी नोंद वादग्रस्त आहे. यानाच्या भोजनकक्षात पाच खुर्च्या आहेत. पुनमने सांगितले की त्यातल्या एकीवर कोणी बसत नाही, ती एका जुन्या प्रवाशाची होती. तस्कराने त्या खुर्चीवर आपली चोरीची खोकी ठेवली. मी खोकी उचलायला सांगितली. आपत्कालीन मार्गात अडथळा येतो, हा शुद्ध तांत्रिक मुद्दा होता. प्रेमराज म्हणाला, खुर्ची रिकामीच आहे ना, नाना. मी पुन्हा सांगितले. माझा आवाज चढला असे सर्वांचे म्हणणे आहे. शेव-मुरमुऱ्याची ताटली खाली पडली, पण ती टेबलाच्या कडेलाच होती.

पुनमने लगेच काही लिहिले नाही. प्रेमराजने खोकी उचलली, म्हणजे तसे जाहीर केले. महिनाभरात प्रथमच योगेंद्रने माझ्याकडे सरळ पाहिले. मग पुनम म्हणाली, नियम म्हणजे नियम, नाना. निर्विकारला कुलूप लागले. त्याला स्टोअररूममध्ये, पिठाच्या पोत्यांशेजारी ठेवण्यात आले आहे. सेवाकाल यानावरचे तीन दिवस.

निघताना मीच योगेंद्रला सांगितले की घागर माझ्या घरी भरायला हरकत नाही. भांड्याची चाचणी झालेली आहे. केवळ तांत्रिक देखरेख माझी. तो बरे म्हणाला. जिन्यापर्यंत आला, मग खाली गेटपर्यंत आला.

१५ एप्रिल, बुधवार
पुनम म्हणते, नवे पात्र करा. अँड्रॉइड पुन्हा मिळणार नाही, साधा माणूस घ्यावा लागेल. नाइलाजाने केला. नाव बोरसे, प्रवासी, वय त्रेसष्ट. माणसाच्या भावनेचे गुण आपण ठरवायचे नसतात, ते फाशावर पडतात. पुनमने फोनवरच फासा टाकला. सहा पडले. कमाल सहाच असतात. फासा सदोष असावा.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी.
सकाळी घागर. पाणी मी भरले, कारण योग्य पातळी मला माहीत होती. योगेंद्रने वर डांगर ठेवले, सांजोरी ठेवली, कोकिळाचे नाव घेतले. माझ्याकडे बघितले. मीही घेतले. पूर्ण नाव घेतले, कोकिळा अभिमन बोरसे, अशा ठिकाणी पूर्ण नाव घेणे बरोबर. दिपमालाला सवाष्ण म्हणून पाटावर बसवले. पुरणपोळी, आमरस, आणि बिबडे. बिबडे मी दिले, फडक्यातले. पुनमने तळले. एरंडोलचा भाऊ आला होता, या वेळी रंगीत शर्टात. घागरीचा पाझर सामान्य.

जेवण उशिरा झाले, सर्वांचीच पोटे भरलेली, त्यामुळे पाच वाजता आमच्याच टेबलावर खेळ बसला. प्रवासी बोरसे यानावर आला. कामगिरी उत्तम सुरू झाली. इंधनाच्या नळीतील गळती मी बसल्या जागी शोधून दिली. यानावरचा दिवस संपला की सगळे 'जेवलो' म्हणत. प्रेमराजने आज शेव नसतानाही म्हटले. मी गळतीच्या हिशेबात होतो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पुनमने माझ्याकडे पाहून विचारले, नाना, काही जाहीर करायचे आहे? मी सांगितले, हो, दुसरी नळीही तपासावी लागेल.

चौथ्या दिवशी तिने सांगितले की प्रवासी बोरसे भुकेने मरण पावला आहे.

मी आक्षेप घेतला. यानावर अन्नाचा साठा दोन वर्षांचा आहे, मीच मोजला होता. प्रेमराज म्हणाला, भोजनकक्ष कायम उघडा असतो नाना, फक्त जायचे असते. मी म्हणालो, जाणार कसा? मला कोणी बोलावलेच नाही.

हे मी अगदी साध्या आवाजात म्हणालो होतो. तरी दिपमाला फाशाशी चाळा करू लागली. प्रेमराजने विनोद केला नाही, हे त्याच्याबाबतीत नोंदवण्यासारखे. पुनमने पेन खाली ठेवले.

मग वैमानिकाने, म्हणजे योगेंद्रने, आपली पाळी नसताना सांगितले की तो भोजनकक्षाच्या दारात जाऊन प्रवाशाला हाक मारतो. पुनम म्हणाली, मार. त्याने माझ्याकडे पाहिले. घरात तो ती बोली कधीच बोलला नाही, माझ्यासमोर तर नाहीच.

"चला, नाना. ताट वाढेल शे."

मृत प्रवाशाला हाक ऐकू येत नाही, हे मी खेळाच्या संचालकांच्या निदर्शनास आणून दिले. पुनम म्हणाली की तिच्या यानावर येते. नियमपुस्तकात असे काही नाही, मी नंतर तपासले. माझा आक्षेप तोंडी नोंदवला, लेखी नंतर देईन. तूर्त प्रवासी बोरसे जिवंत असून भोजनकक्षात आहे. कोणत्या खुर्चीवर बसला, असे पुनमने विचारले. रिकाम्या खुर्चीच्या शेजारच्या.

रात्री ८.००. सर्व गेले. योगेंद्र आणि पुनम थांबली आहेत, दुपारचे उरलेले गरम करत आहेत. मी टेबलाशी बसून हे लिहीत आहे. हाक अजून आलेली नाही. येईल. पुढील रविवारी यानावर जेवणाची घंटा बसवण्याचा प्रस्ताव मांडणार, म्हणजे कोणा एकावर अवलंबून राहायला नको. घंटेचा आवाज कोणता असावा यावर विचार चालू आहे.

निर्विकार स्टोअररूममध्येच आहे. त्याला काही लागत नाही.